वसंतोत्सवात मुक्या आश्रितांचा विसर नको

फाल्गुन शुद्ध पंचमी, म्हणजे आपली फाकपंचमी उजाडली की कोकणातल्या गावागावांतून ढोल घुमू लागतो. सहाणेवर पालख्या सजतात, होळीचा होम पेटतो, धुळवड आणि रंगपंचमी होते. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच चैत्र पाडव्याची गुढी दारी उभी राहते. सुश्रुताचार्यांनी ऋतूंची जी दुसरी गणना दिली आहे, तीत फाल्गुन आणि चैत्र हेच वसंताचे मास होत. आमच्या खेडासारख्या समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावाला ही गणना अगदी चपखल बसते. कारण वैशाख येईपर्यंत इथे वसंत कसला, उन्हाचा वणवाच पेटलेला असतो.

या महिन्या-दीड महिन्यात आपण देवाची सेवा करतो, पाहुण्यांचे आदरातिथ्य करतो, लेकीबाळींना माहेरी आणतो. परंतु घरात आणखी एक जीव असतो. त्याला सण कळत नाही, ऋतू मात्र प्रत्येक रोमरंध्राने कळतो. घरच्या कुत्र्या-मांजरांचा, पिंजऱ्यातल्या पाखरांचा आणि काचेच्या पेटीतल्या माशांचा हा विचार आजच्या पुरवणीत मांडावा, असे वाटते.

विषय क्षुल्लक नाही. जगबुडीच्या काठच्या खेडात आणि भरणे नाक्याच्या परिसरात आता सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-पुण्यात तर आपली निम्मी आप्तमंडळी फ्लॅटमध्येच राहतात. पूर्वी कोकणातला कुत्रा अंगणात असे. ऊन चढले की तो पोफळीच्या बागेत पाटाच्या ओल्या मातीत खळगा करून पडे. मांजर माळ्यावर, भाताच्या कणगीआड, जिथे गारवा असेल तिथे जाई. तहान लागली तर विहिरीजवळची डोणी होती, पोट बिघडले तर चघळायला गवत होते. स्वतःच्या रक्षणाची ही सारी साधने सृष्टीने त्याला दिली होती. आपण त्याला तिसऱ्या मजल्यावर आणले, दाराला कडी घातली आणि ती साधने काढून घेतली. ज्याने साधने काढून घेतली, त्याने ती परत पुरवली पाहिजेत; हे त्या जिवाचे आपल्यावर ऋण आहे. हौस म्हणून ते फेडायचे नसते, कर्तव्य म्हणून फेडायचे असते, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आश्रिताचे शास्त्र

गृहस्थाश्रमाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत, त्यांतला एक भूतयज्ञ. वैश्वदेवानंतर गाईला, कावळ्याला, कुत्र्याला, किडामुंगीला अन्नाचा भाग काढून ठेवण्याची चाल आजही पुष्कळ घरांतून पाळली जाते. पण हा भाग ज्यांच्यासाठी ठेवायचा, ते स्वतंत्र जीव होत. दारी येतील, खातील, जातील. जो दिवसरात्र आपल्याच चार भिंतींत आहे, त्याचा हक्क त्याहून मोठा. तो आश्रित होय.

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराचे सारे बंधू गळून पडले, द्रौपदी पडली. सोबत उरला तो एक कुत्रा. इंद्राचा रथ समोर उभा असता, आपल्या आश्रयाला राहिलेल्याला टाकून मी स्वर्गात येणार नाही, अशी भूमिका धर्मराजाने घेतली. तिथे प्रश्न कुत्र्याच्या योग्यतेचा नव्हताच. जो आपल्यावर विसंबला त्याचा त्याग करावा की करू नये, एवढाच प्रश्न होता. ही कथा ऐकून डोळे पुसणाऱ्या आपण घरच्या कुत्र्याला भर दुपारी तापल्या गॅलरीत बांधून ठेवला, तर ती कथा आपण ऐकली असे कसे म्हणावे?

उन्हाची झळ

आयुर्वेदाने ऋतुसंधीला फार जपायला सांगितले आहे. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा, या काळात राहणी हळूहळू बदलावी, असे वाग्भटाचे सांगणे आहे. हाच नियम जनावरालाही लागू. थंडीतला रपेटीचा वेळ फाल्गुनातही तसाच चालू ठेवणे हे अनेक दुखण्यांचे मूळ असते.

निरोगी माणसाचे तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट. कुत्र्याचे मुळातच १०१ ते १०२.५. माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. जो थोडा येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. कोकणच्या दमट हवेत ती वाफ लवकर होत नाही. म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हापेक्षा आपल्याकडचे ऊन आकड्याने कमी असले तरी कुत्र्याला अधिक जाचते. त्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धड धापही टाकता येत नाही. त्यांना धोका सर्वांत मोठा.

फाल्गुनातले ऊन सौम्य असते, ही समजूत आता सोडली पाहिजे. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत त्यापूर्वीच्या सर्व मार्च महिन्यांहून अधिक तापलेला ठरला. पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले आणि समुद्रावरचा वारा उशिरा आला की कोकणात ऐन शिमग्यात दुपारी अंगाची लाही होते, हे आपण अनुभवतोच.

तेव्हा रपेट सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर असावी. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. पाण्याची भांडी घरात दोन ठिकाणी असावीत, मातीची असल्यास उत्तम. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत. तेच केस उन्हापासून त्याचे रक्षण करतात. नुसते विंचरून सुटे केस काढावेत. बंद मोटारीत तर क्षणभरही ठेवू नये, मग ती सावलीत उभी असो की काच थोडी खाली असो.

अखंड धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळती चाल, उलटी ही उष्माघाताची लक्षणे होत. ती दिसताच जनावराला सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे. तोंडात बळेच पाणी ओतू नये. आधी अंग निववावे आणि मग वाटेला लागावे, हा क्रम मोलाचा.

मांजराचे दुखणे गुप्त असते. मांजर मुळातच पाणी कमी पिते. बोका मातीच्या परातीत वारंवार बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर ते मूत्रमार्ग तुंबल्याचे लक्षण समजावे. तिथे उद्यावर ढकलणे म्हणजे प्राणाशी खेळ. माशांच्या पेटीतले पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर हलवावी.

उघडी खिडकी

उकाडा वाढला की आपण खिडक्या, गॅलऱ्या सताड उघडतो. मांजर चार पायांवर पडते, त्याला काही होत नाही, ही म्हण झाली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे अवघ्या पाच महिन्यांत आली होती. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांती त्यांतली सुमारे नव्वद टक्के वाचली, हे खरे. पण छातीला मार, जबड्याला व तंगड्यांना मोडतोड हे त्यांत सर्रास होते, आणि पडताक्षणीच मेली ती रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती. कबुतरावर झेप घेणाऱ्या मांजराला कठडा दिसत नाही. डासांची नायलॉनची जाळी त्याच्या नखांपुढे टिकत नाही. गॅलरीला आणि खिडकीला मजबूत जाळी बसवणे हाच उपाय.

साफसफाई, धूप आणि फुले

पाडव्यापूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करण्याची आपली रीत. फरशी फिनेलने पुसली की मांजर तीवरून चालते आणि मग पंजे चाटते. फिनेलमधील द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार अल्प असते. फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसून वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. गरम कपडे ठेवताना घातलेल्या डांबराच्या गोळ्या आणि देवघरातला कापूर, दोन्ही पोटात गेल्यास विषारी. दोन्ही झाकणाच्या डबीत हवेत. पाखरांची फुप्फुसे अतिशय नाजूक. देवघरातला धूप-उदबत्तीचा धूर त्यांच्या पिंजऱ्यापर्यंत जाऊ नये, आणि न चिकटणारा लेप दिलेला तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारी वाफ त्यांचा जीव घेऊ शकते.

फुलांचीही गोष्ट अशीच. कण्हेर आणि पिवळी बिट्टी देवाला प्रिय म्हणून आपण आणतो. परंतु दोन्हींची पाने, फुले, फळे हृदयक्रिया बिघडवणारी आहेत. निर्माल्य उघड्या टोपलीत ठेवू नये. खऱ्या लिलीचे तर पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजराच्या घरात ते फूल नसलेलेच बरे. दिवाणखान्यातल्या मनीप्लांटचे पान चावले की तोंडाची आग होते, लाळ गळते.

नैवेद्याचे ताट आणि पथ्य

आता सश्रद्ध घरांना अवघड वाटणारा प्रश्न. सणाच्या दिवशी सगळे गोडधोड जेवत असता मुक्या जनावराला प्रसाद नाकारावा कसा? भावना थोर आहे, कृती मात्र तपासली पाहिजे. घरच्या मधुमेही आजोबांना आपण पुरणपोळी आग्रहाने वाढत नाही. त्यात प्रसादाचा अवमान होत नाही, आजोबांची काळजी होते. प्रत्येक देहाचे पथ्य वेगळे, हे तर वैद्यकाचे पहिले सूत्र.

कुत्र्याच्या देहाला मनुका, बेदाणे आणि द्राक्षे ही विषवत आहेत. किती खाल्ल्याने मूत्रपिंडे बिघडतील याचा नेम नाही. द्राक्षातले टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असा तर्क अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडला. आणि तेच आम्ल चिंचेत विपुल असते. म्हणजे शिऱ्यातला बेदाणा आणि कटाच्या आमटीतली चिंच, दोन्ही वर्ज्य. पुरणातले जायफळ अधिक प्रमाणात गेले तर झिंग आणि झटके येतात. तूप भरपूर झाले तर स्वादुपिंडाला सूज येते. धुळवडीच्या तिखट बेतातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मांजरांच्या तर विशेषच. आणि शिजवलेले हाड तडकून आतड्यात रुतते. चॉकलेट आणि थंडाईतील भांग यांबद्दल निराळे सांगायला नको. कैरीचे दिवस आले की बाठा गिळून आतडे अडल्याचे प्रसंग घडतात; साल-बाठ्याची बादली झाकलेली असावी.

मग त्याला द्यावे काय? नैवेद्यासाठी भात शिजतो, त्यातला मीठ-फोडणी पडण्यापूर्वीचा घासभर भात त्याच्या नेहमीच्या अन्नात कालवावा. त्याचा सण तेवढ्यात गोड होतो.

रंग आणि सरमेचा शाप

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभीच एक छोटे आख्यान आहे. जनमेजयाच्या सत्रात देवशुनी सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. सरमा आली, माझ्या लेकराचा अपराध काय, असे तिने विचारले. कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा, अकल्पित असे भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती गेली, आणि राजा चिंतेत पडला. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबरठ्यावर व्यासांनी एका कुत्रीचा प्रश्न ठेवला आहे, याचा विचार व्हावा.

धुळवडीला रस्त्यावरच्या कुत्र्यावर रंगाची पिचकारी मारणारी, त्याच्या शेपटीला काही बांधणारी मुले आपलीच असतात. रासायनिक रंग त्याच्या डोळ्यांत जातो, कातडी सोलवटते, आणि अंग चाटून चाटून तो पोटात जातो. वेदनेने पिसाळल्यागत झालेले जनावर मग चावले तर दोष कोणाचा? या वर्षी मुलांना रंग देतानाच सरमेची गोष्ट सांगावी. घरच्या जनावराला त्या दिवशी आतल्या खोलीत, ढोल-फटाक्यांच्या आवाजापासून दूर ठेवावे. अंगाला रंग लागलाच तर कोरडा झटकून सौम्य साबण व कोमट पाण्याने धुवावा. रॉकेल वा टर्पेंटाइन कदापि लावू नये.

गोचीड आणि लस

उष्मा वाढला की गोचिडी वाढतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घराच्या आतच आपले सारे जीवनचक्र पुरे करते. एक मादी भिंतीच्या फटीत, फर्निचरमागे हजारो अंडी घालते. म्हणून केवळ जनावराला औषध लावून भागत नाही, बिछाना कढत पाण्यात धुवावा लागतो, फटी झाडाव्या लागतात. गोचीड तापाने कुत्र्याचे रक्त आटते. ताप, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या दिसल्या की रक्त तपासून घ्यावे. आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेवावी: कुत्र्यासाठीचे गोचिडीचे औषध मांजराला लावू नये. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराच्या जिवावर बेतते.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे नियमाने द्यावी. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळेच होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ हमखास मृत्यूच आणतो. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोकणच्या पावसात लेप्टोची भीती असते. तिच्यावरची लस पाऊस येण्यापूर्वी, म्हणजे याच दिवसांत घ्यावयाची.

चाकरमान्यांना विनंती

शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून मुंबईचा चाकरमानी कशेडी उतरून खेडात येतो. त्याच्या फ्लॅटमधले मांजर किंवा कुत्रे मात्र पाच दिवस कोंडून राहते. शेजारी रोज पाणी घालतीलच, या भरवशावर. पाण्याचे भांडे लवंडले आणि शेजारीही गावी गेले, तर त्या बंद खोलीत काय घडेल, याची कल्पना करावी. सोबत आणायचे तर पहाटे निघावे, दर दोन तासांनी थांबून पाणी पाजावे, गळ्यातल्या पट्ट्याला फोन क्रमांक अडकवावा. अनोळखी गावात ढोलाने बिथरलेले कुत्रे वाट चुकते. आणता येत नसेल तर रोज दोनदा येणारा खात्रीचा माणूस नेमूनच घर सोडावे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही हेच म्हणतो. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, तहान-भुकेने तळमळेल अशा स्थितीत सोडून जाणे, हे त्यात अपराध ठरवले आहेत.

या कायद्याला दुसरीही बाजू आहे. सोसायटीत जनावर पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. पण हक्काबरोबर शेजारधर्म येतो. जिन्यात केलेली घाण मालकाने उचलावी, रात्रीच्या भुंकण्याचे कारण शोधावे. शेजाऱ्याची तक्रार वाढली की शेवटी शिक्षा मुक्या जिवालाच होते.

काही सज्जन म्हणतील, सोवळ्या-ओवळ्याच्या घरात हा खटाटोप कशाला? त्यांनी जनावर पाळू नये. तसे न पाळण्यात कोणतेच पाप नाही. पाळून हेळसांड करण्यात आहे. आणि ज्या पाखराला पाळण्याचा अधिकारच आपल्याला नाही, त्याला तर पिंजऱ्यात आणूच नये. आपला रानातला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. 'विठू विठू' शिकवण्यासाठी त्याचे पंख कापणे हा गुन्हा आहे. विठ्ठलाचे नाव घेण्यासाठी परमेश्वराने जीभ आपल्याला दिली आहे.

पाडव्याच्या दिवशी पंचांग ऐकताना आपण वर्षाचे संकल्प करतो. त्यांत हा एक जोडावा: गॅलरीला जाळी, सावलीत पाणी, वेळेवर लस, आणि ताटात पथ्याचा घास. येणारे संवत्सर वाचकांच्या घरांना आणि त्या घरांतल्या मुक्या आश्रितांनाही सुखाचे जावो.